ओआरएसमध्ये मीठ आणि साखर दोन्ही का?

22 जुलै 2021. महाड पुरात आणि तळीयेवर दरड कोसळलेली. मदतीच्या पेट्या भरताना माझ्या हाती ओआरएसची पाकिटं आली. पुरानंतर विहिरीत घाण शिरते, जुलाबाची भीती असते, हे माहीत होतं. पण मी पडलो कोडिंगवाला. नुसतं पाणी का पुरत नाही, हे कळेना.

कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना? पेशीच्या आवरणातून पाणी जिकडे क्षार जास्त, तिकडे जातं. हे परासरण. म्हणजे आतड्यातलं पाणी आत ओढायचं, तर आधी मीठ आत जायला हवं.

मिठात सोडियम आणि क्लोराइड विरुद्ध प्रभारांमुळे एकमेकांना धरून असतात. हा आयनिक बंध. पाण्यात ते सुटे होतात. पण प्रभार असलेल्या सोडियमला पेशीचं तेलकट आवरण ओलांडता येत नाही. त्यासाठी प्रथिनाचं एक दार असतं, आणि ते सोडियमला ग्लुकोजसोबतच आत घेतं. टू-फॅक्टर लॉगिनच म्हणा! ग्लुकोज साखरेतून मिळतं. मागोमाग पाणी येतं.

1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच द्रावणाने पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले.

पाकीट नसेल तर माप लक्षात ठेवा: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ वाढवू नका. जास्त झालं तर उलट अंगातलंच पाणी आतड्यात खेचलं जाईल. घोट घोट पाजा आणि दवाखाना गाठा.