कळी खुडावी की फळ राखावे?

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की घरातले वडील माणूस मनगटावर अत्तराचे बोट फिरवते. ते अत्तर गुलाबाचे असते, मोगऱ्याचे असते, नाही तर हिन्याचे. पण लिंबा-नारिंगाच्या कळीचे अत्तर तुमच्यापैकी किती जणांनी हुंगले असेल?

चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्ण्याला माझ्या आत्याच्या परसात कागदी लिंबाचे एक झाड होते. तो मुलूख धानाचा आणि जंगलाचा, बागाईतदारांचा नव्हे. माघात ते झाड कळ्यांनी भरले की पार न्हाणीघरापर्यंत वास येई. एकदा मी ओंजळभर कळ्या खुडून आणल्या. आत्या रागावली नाही, इतकेच म्हणाली, "बाप्पा, कळी तोडशीन त लिंबू कुठून खाशीन?"

पुढे कळले की अत्तराच्या मोठमोठ्या व्यापाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. त्यांनी तो सोडवला कडू नारिंगाच्या आधाराने. या झाडाचे फळ आंबट-कडू, त्याला खाणारा थोडा. म्हणून कळी खुडताना हात अडखळत नाही. आपला 'नारंग' हा शब्द फारसी-अरबी मुखांतून युरोपात पोहोचला, आणि अरबांबरोबर हे झाडही सिसिली-स्पेनपर्यंत गेले. सतराव्या शतकात इटलीतल्या नेरोला गावच्या राणीसाहेब आपल्या हातमोज्यांना हा सुगंध लावीत असत, म्हणून या तेलाचे नाव पडले 'नेरोली'. १७०९ साली कोलोन शहरात सुरू झालेल्या फारिना पेढीच्या सुगंधी पाण्यामुळे लिंबू-नारिंगाच्या वर्गातील सुगंध जगभर गाजले. आपण ज्याला 'युडिकोलन' म्हणतो, ते हेच!

आज ट्युनिशियातील नाबुल भागात वसंतात झाडाखाली कापड अंथरून ही फुले हाताने वेचतात. कळी नुकती उमलू लागलेली हवी. पूर्ण फुललेल्या फुलाचा सुगंध लवकर उडून जातो. मग वाफेच्या भट्टीत ऊर्ध्वपातन होते. सुमारे हजार किलो फुलांमागे जेमतेम एक किलो तेल! तेल वर तरंगते आणि खाली उरते ते सुवासिक पाणी. ते तिकडच्या गृहिणी मिठाईत घालतात, जसे आपण गुलाबपाणी घालतो. पाने आणि कोवळ्या डहाळ्या यांपासून निघणारे तेल निराळे. त्याचे नाव 'पेटिग्रेन'. ते स्वस्त आणि जरा उग्र.

मग आपल्या विदर्भात लाखो संत्र्यांची झाडे असताना नेरोली का नाही? कारण उघड आहे. नागपुरी संत्रा गोड, आणि त्याची ओळख फळाची. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेही फळासाठीच. शेतकरी झाडाला पाण्याचा ताण देऊन आंबिया किंवा मृग बहार आणतो. त्याला प्रत्येक कळीत पुढची पाटी दिसते.

पण इथेच एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. फुलांच्या मानाने टिकणारी फळे फार थोडी. बाकी सारी फुले निसर्गच गाळून टाकतो! झाड स्वतःच हिशेब करते आणि जेवढे पेलवेल तेवढेच राखते.

आत्याला हे पुस्तकातून ठाऊक नव्हते, पण ती पहाटे झाडाखाली जुने लुगडे अंथरी. उन्हे वर येण्याआधी पडलेली फुले गोळा करी आणि डब्यात तिळाचा थर, फुलांचा थर असे लावून ठेवी. तीन-चार दिवस रोज ताजी फुले घाली आणि मग ते तीळ घाण्यावर देई. कनौज-जौनपूरकडचे फुलेल तेल असेच बनत असे. त्या तेलाने दिवाळीत आम्हां मुलांची डोकी माखली जात, आणि उन्हाळ्यात त्याच झाडाच्या लिंबांचे सरबतही मिळे.

तेव्हा, गृहिणींनो, परसात किंवा गच्चीवरच्या कुंडीत लिंबाचे झाड असेल आणि त्यावर औषध फवारलेले नसेल, तर यंदा माघात खाली एक फडके अंथरून पाहा. कळी खुडू नका. झाड आपणहून जे देईल, तेवढ्यानेही डोक्याला लावायचे तेल सुवासिक होते.