कीबोर्ड की ‘आपला’ बोर्ड?

टेबलावर मावणाऱ्या सीएनसी मशीनवर कीबोर्डचे पार्ट स्वतः कापता येतात. पण आधी थोडं गणित आणि शेजाऱ्यांचा थोडा विचार करावा लागतो!

सदाशिव पेठेला बटणांचा खडखडाट नवा नाही. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला आणि पुढे कित्येक पिढ्यांनी टायपिंग क्लासमध्ये तो बडवला. आजही पेठेत कॉट बेसिसवर राहणारी एमपीएससीची मुलं मराठी टायपिंगचं मिनिटाला ३० शब्दांचं सर्टिफिकेट मिळवायला धडपडतात. शेजारच्या खोलीतला इंजिनिअरिंगवाला मात्र मेकॅनिकल कीबोर्डच्या ‘थॉक थॉक’ आवाजावर फिदा असतो. तुम्ही या दुसऱ्या गटातले असाल, तर कधी ना कधी तुमच्या मनात येणारच, की हा बोर्ड आपण स्वतः का बनवू नये?

३०० मध्ये २८५

हौशी लोकांची लाडकी मशीन म्हणजे ‘३०१८’. नावातच माप आहे, ३०० बाय १८० मिलिमीटर. किंमत नव्या लॅपटॉपपेक्षा कमी आणि आत चालतं जीआरबीएल हे फुकट सॉफ्टवेअर. डिझाइनसाठी फ्रीकॅड घ्या, तेही फुकट.

आता गणित. कीबोर्डवर दोन बटणांच्या केंद्रांत १९.०५ मिमी अंतर असतं. छोटा, म्हणजे ६० टक्के बोर्ड १५ बटणं रुंद असतो. म्हणजे २८५.७५ मिमी. बसला! पण कडेला अॅरो की हव्यात म्हणून एकच रांग वाढवलीत, तर होतात ३०४.८. गेला मशीनबाहेर. म्हणून ऑर्डर देण्याआधी मोजा.

स्विच ज्या पत्र्यात बसतात, ती प्लेट १.५ मिमी जाड लागते आणि प्रत्येक स्विचला १४ बाय १४ मिमीचं चौकोनी भोक. भोक जरासं मोठं झालं की स्विच डुगडुगतो, लहान झालं की बसतच नाही. त्यामुळे आधी त्याच पत्र्याच्या तुकड्यावर १३.९, १४ आणि १४.१ अशी तीन भोकं पाडून बघा. आणखी एक गोष्ट, कटर गोल असतो, त्यामुळे कोपरे काटकोनी येत नाहीत. १ मिमीचा कटर वापरलात तर कोपऱ्याची गोलाई अर्धा मिमी राहते, तेवढी चालते.

दुपारी १ ते ४ बंद!

ही मशीन नाजूक आहे, राव. अॅल्युमिनियम एका फेरीत ०.१ मिमीच खोल कापायचं. म्हणजे एका भोकाला १५ फेऱ्या. ६१ भोकं धरली तर कटर जवळपास ४७ मीटर चालतो. मिनिटाला २०० मिमी वेगाने हे झाले चार तास, आणि ते चारही तास कर्कश किंचाळणं. पेठेत दुपारी १ ते ४ हे करून दाखवाच! घरमालक, शेजारच्या आजी आणि अभ्यासाला बसलेला रूममेट, सगळ्यांशी आधी बोलून घ्या. मशीनला झाकण करा, खाली जाड रबर टाका. गॉगल हवाच, केस आणि ओढणी बांधलेली हवी, आणि मशीन चालू ठेवून चहाला जायचं नाही म्हणजे नाही.

खरी मजा अक्षरांत

प्लेट तयारही मिळते. पण मनासारख्या मराठी अक्षरांचे कीकॅप शोधून बघा, दमाल. इथे ही मशीन खरी कामाला येते. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डावीकडे आणि बहुतेक व्यंजनं उजवीकडे असतात. ‘के’वर क, ‘एल’वर त, ‘जे’वर र. टायपिंगचे सर म्हणतील, बोर्डाकडे बघू नका. बरोबर आहे, पण शिकताना पहिले काही आठवडे नजर जातेच ना!

सगळ्या रांगांची उंची सारखी असलेले, एक्सडीए आकाराचे पीबीटी प्लास्टिकचे कीकॅप घ्या. लाकडाच्या तुकड्यात खाचा पाडून त्यात ते घट्ट बसवा, टोकदार व्ही-बिटने अक्षर कोरा आणि वर अॅक्रिलिक रंग भरून पुसून घ्या. फॉन्ट जाडसर हवा, नाहीतर वेलांटी आणि रफार गायब होतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ फुकट आहेत, त्यातलं जाड वजन निवडा.

मशीन नाही? हरकत नाही

खिशाला परवडत नसेल तर चौघांत कॉन्ट्री काढा. कॉलेजात एआयसीटीईची आयडिया लॅब असेल तर तिथे विचारा. आणि आपल्या जिल्ह्यातलं पाबळ विसरू नका. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या तिथल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. जगभर ‘मेकर’ हा शब्द गाजण्याआधीच शिरूर तालुक्यातलं एक गाव हाताने काम करत शिकत होतं. मग पेठेतल्या आपल्याला काय अवघड आहे?

सुरुवात पूर्ण बोर्डाने करू नका. नंबरपॅड करा, ७६ बाय ९५ मिमीचा. तासाभराचं काम, दोन-चार भोकं वाया गेली तरी फार नुकसान नाही. आणि पहिलं कीकॅप कोराल तेव्हा त्यावर आकडा देवनागरीच घाला!