आधीं तपास, मग निकाल

गेल्या महिन्यांत आमचे घरीं समोरून दार असलेलें कपडे धुण्याचें यंत्र आलें. पहिल्याच दिवशीं कपडे पिळतांना तें इतकें हादरलें, कीं हातभर पुढें सरकलें! "सूनबाईनें कपडे फार कोंबले," असा निकाल आम्हीं उभयतांनीं दिला. पुढें माहितीपुस्तिका वाचली, तेव्हां उलगडा झाला. यंत्रांतील पिंप स्प्रिंगांवर टांगलेलें असतें. प्रवासांत तें आदळूं नये म्हणून पाठीमागून लांब बोल्टांनीं जखडतात, व वापरण्यापूर्वीं ते काढावयाचे असतात. आमचे चारही बोल्ट जागचे जागीं होते! ते पान्यानें काढून छिद्रांस टोपणें लाविलीं. यंत्र शांत झालें. बोल्ट जपून ठेविले आहेत. बिऱ्हाड हलवितांना पुन्हां लागतील. सूनबाईची क्षमा मात्र मीं त्याच दिवशीं मागितली.