टायरवरील खाचा

मुलांनो, पावसाळ्यात शाळेत येताना तुम्ही कधी घसरून पडला आहात का? पडला असाल, तर घरी गेल्यावर आईने तुमची चप्पल उलटी करून पाहिली असेल. तिचा तळ झिजून अगदी गुळगुळीत झालेला असतो. हीच चप्पल तुम्ही सगळा उन्हाळा वापरली. तेव्हा ती एकदाही घसरली नाही. मग पाऊस पडताच तिने दगा का दिला?

या साध्या प्रश्नाचे उत्तर कळले, तर पावसाळ्यात रस्त्यावर होणाऱ्या कित्येक अपघातांचे एक कारणही तुम्हांला कळेल. टायर ही गाडीची चप्पलच आहे.

हे समजून घेण्यासाठी आपण द्रोणागिरीच्या रस्त्यावर जाऊ. रायगड जिल्ह्यात उरणजवळ द्रोणागिरी नावाचा डोंगर आहे. नवी मुंबईच्या एका विभागालाही हेच नाव आहे. हा भाग खाडीकाठचा आणि सखल आहे. जवळच न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. ते १९८९ साली सुरू झाले. बंदरातून निघालेले कंटेनर घेऊन ट्रेलर रात्रंदिवस पनवेलच्या दिशेने जात असतात. एकेका ट्रेलरला अठरा किंवा बावीस चाके असतात. त्यांच्या बाजूने रिक्षा, टेम्पो, मोटारी आणि मोटारसायकली धावतात. तुमच्यापैकी कोणाचे अब्बा ट्रेलर चालवत असतील, कोणाचे मामू रिक्षा चालवत असतील, तर कोणाचा मोठा भाऊ मोटारसायकलवरून कामाला जात असेल. अनेक घरांची रोजीरोटी या रस्त्यांवर चालते.

जड वाहने सतत एकाच जागेवरून गेली, की डांबर दबते आणि रस्त्यावर दोन लांबट खोलगट पट्टे तयार होतात. मराठीत त्यांना ‘चाकोरी’ म्हणतात. पाऊस पडला की चाकोरीत पाणी साचते. वरून पाहणाऱ्याला रस्ता नुसता ओला दिसतो, पण चाकाखाली दोन-तीन मिलिमीटर पाणी असते. एवढेसे पाणी काय करणार, असे तुम्हांला वाटेल. चला, हिशोब करून पाहू.

एका लहान मोटारीचा टायर सुमारे १६५ मिलिमीटर रुंद असतो. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आहे आणि गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात आहे, असे समजा. म्हणजे ती एका सेकंदात २० मीटर पुढे जाते. रुंदी, पाण्याची खोली आणि हे अंतर यांचा गुणाकार केला, तर उत्तर जवळजवळ १० लीटर येते. याचा अर्थ असा, की एका टायरला दर सेकंदाला एक बादलीभर पाणी आपल्या वाटेतून दूर करावे लागते! तेही किती वेळात? टायरचा जो भाग जमिनीला टेकतो, तो जेमतेम तळहाताएवढा असतो. त्या भागाखालचे पाणी बाहेर जायला सेकंदाचा शंभरावा भागसुद्धा मिळत नाही.

हे काम टायरवरील खाचा करतात. टायरवरची नक्षी शोभेसाठी नसते. त्या खाचा म्हणजे पाणी वाहून नेणारी गटारे आहेत. रबर पाण्याला दाबते, पाणी खाचांत शिरते आणि मागे व बाजूला फेकले जाते. मग रबर कोरड्या डांबराला घट्ट धरते. मोटारीच्या नव्या टायरवर या खाचा साधारणपणे ८ मिलिमीटर खोल असतात. गाडी धावते तसे रबर झिजते आणि खाचा उथळ होतात. शेवटी टायरचा गुळगुळीत गोटा होतो. गटार बुजले की गल्लीत पाणी तुंबते, तसेच मग टायरखाली होते.

पाण्याला बाहेर जायला वाट मिळाली नाही, तर ते टायरच्या पुढे पाचरीसारखे जमा होते आणि टायरला वर उचलते. तेव्हा टायर रस्त्यावर नसतो, पाण्यावर तरंगत असतो. इंग्रजीत याला ‘हायड्रोप्लेनिंग’ म्हणतात. अशा वेळी चालकाला सुकाणू एकदम हलके लागते. तो सुकाणू फिरवतो, पण गाडी वळत नाही. तो ब्रेक दाबतो, पण गाडी थांबत नाही.

१९६३ साली अमेरिकेतील नासा या संस्थेच्या संशोधकांनी विमानांच्या टायरांचा अभ्यास करून या विषयीचा एक नियम मांडला. टायर कोणत्या वेगाला तरंगू लागेल, हे त्यातील हवेच्या दाबावर अवलंबून असते. पाणी साचलेले आहे आणि ते बाहेर जायला वाट नाही, अशा स्थितीत ३० पौंड हवा असलेला टायर ताशी सुमारे ९० किलोमीटर वेगाला तरंगू लागतो. हवा २० पौंडांवर आली, तर हाच वेग ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास येतो. म्हणून खाचांइतकीच हवाही महत्त्वाची आहे.

या नियमातून आणखी एक गोष्ट कळते. भरलेल्या ट्रेलरच्या टायरांत हवेचा दाब पुष्कळ जास्त असतो. त्यामुळे ते मोटारीच्या टायरांइतके सहज तरंगत नाहीत. पुढचा ट्रेलर पाण्यातून सरळ गेला, म्हणून त्याच वेगाने आपली छोटी गाडी त्याच्यामागे नेणे हा मोठा धोका आहे. याचा अर्थ ट्रेलर निर्धास्त असतो, असा मात्र नाही. ओल्या रस्त्यावर थांबायला त्यालाही फार जागा लागते.

टायर तरंगला नाही, तरी धोका संपत नाही. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळे. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चांगल्या कोरड्या रस्त्यावर, ब्रेक लागल्यानंतर सुमारे २९ मीटरवर थांबते, असे धरू. रस्ता ओला आणि टायर झिजलेला असल्यामुळे घर्षण निम्मे झाले, तर हेच अंतर दुप्पट, म्हणजे ५८ मीटर होते. शिवाय समोरचा धोका पाहून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी २० मीटर पुढे गेलेली असते. रस्ता ओलांडणारे मूल ५० मीटरवर असेल, तर काय होईल? कोरड्या रस्त्यावर गाडी त्याच्या जवळ येऊन थांबेल. ओल्या रस्त्यावर ती थांबणार नाही.

आपल्या देशात टायरच्या खाचांविषयी कायदा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९४ वा नियम टायरांविषयी आहे. दुचाकी आणि तीनचाकी वाहनांच्या टायरवर किमान ०.८ मिलिमीटर आणि इतर मोटार वाहनांच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर खोल खाच असलीच पाहिजे, असे हा नियम सांगतो. १.६ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ एक इंचाचा सोळावा भाग. युरोपातील देशांतही मोटारींसाठी हाच आकडा ठरलेला आहे.

हा आकडा ओळखण्यासाठी कारखान्यातच टायरच्या खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे केलेले असतात. ते कोठे आहेत हे दाखवणारी बारीक खूण टायरच्या बाजूवर असते. रबर झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आले, की टायरचे आयुष्य संपले असे समजावे.

पण येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. परीक्षेत ३५ गुण मिळवणारा उत्तीर्ण होतो, पण तो हुशार ठरत नाही. तसेच १.६ मिलिमीटर ही कायद्याची शेवटची पायरी आहे, सुरक्षिततेची हमी नव्हे. खाच ३ मिलिमीटरपेक्षा कमी झाली, की ओल्या रस्त्यावरची पकड वेगाने कमी होऊ लागते. म्हणून पुष्कळ जाणकार पावसाळ्यापूर्वीच टायर बदलण्याचा सल्ला देतात.

मग लोक टायर का बदलत नाहीत? याचे एक कारण गरिबी आहे. टायर महाग असतो. घरात शाळेची फी असते, आजारपण असते, सण असतो. टायर मात्र ‘अजून चालतोय’. आणि तो खरोखरच चालत असतो! कोरड्या रस्त्यावर झिजलेला टायर सहसा घसरत नाही. मोटारींच्या शर्यतीत तर कोरड्या दिवशी मुद्दाम खाचा नसलेले टायर लावतात आणि पाऊस आला की खाचांचे टायर चढवतात. उन्हाळाभर झिजलेला टायर काहीच तक्रार करत नाही. त्यामुळे चालकाची फसगत होते. पहिल्या पावसात तर रस्त्यावरचे तेल आणि धूळ पाण्यात मिसळून रस्ता आणखी निसरडा होतो.

काही ठिकाणी गोटा झालेल्या टायरवर हत्याराने नव्या खाचा कोरून देतात. मोटारीच्या किंवा मोटारसायकलच्या टायरवर असे कधीही करू नये. रबर आधीच पातळ झालेले असते. त्यात खाच कोरली की आतले धागे उघडे पडतात आणि टायर फुटण्याचा धोका वाढतो.

खर्च टाळता येत नसेल, तर त्याची वेळ तरी साधता येते. नवा टायर दिवाळीनंतर घेण्याऐवजी मे महिन्यात घ्यावा. पैसे तेवढेच लागतात, पण नव्या खाचा पावसात कामाला येतात. हवा योग्य ठेवावी, म्हणजे टायर जास्त दिवस टिकतो. टायरच्या दोन्ही कडा झिजल्या असतील, तर हवा कमी राहत होती असे समजावे. मधला भाग झिजला असेल, तर हवा जास्त होती. एकच कड झिजली असेल, तर चाके सरळ रेषेत नाहीत. ती गॅरेजमध्ये दाखवून घ्यावीत.

पावसात वेग कमी ठेवणे आणि पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर राखणे, हे उपाय तर फुकटच आहेत. टायर तरंगू लागला असे वाटले, तर जोराने ब्रेक दाबू नये. वेग वाढवणाऱ्या पट्टीवरून पाय हळूच काढावा, सुकाणू सरळ धरावे आणि टायर पुन्हा रस्त्याला टेकेपर्यंत धीर धरावा.

मुलांनो, तुम्ही अजून गाडी चालवण्याच्या वयाचे नाही. तरीही एक काम तुम्ही आजच करू शकता. गाडी घराजवळ सपाट जागी बंद उभी असताना, मोठ्या माणसाला सोबत घेऊन आगपेटीतील एक काडी टायरच्या खाचेत उभी धरा. रबराच्या पातळीवर काडीला नखाने खूण करा. मग कंपासपेटीतील पट्टीने ती खूण मोजा. प्रत्येक टायर तीन ठिकाणी मोजा आणि आकडे वहीत लिहा. स्टेपनी विसरू नका.

नंतर वही घेऊन वडिलांजवळ जा आणि अदबीने म्हणा, “अब्बा, मागच्या टायरची खाच दोनच मिलिमीटर उरली आहे. पावसाळा जवळ आला आहे.” कदाचित ते हसतील. कदाचित म्हणतील, “पुढच्या महिन्यात पाहू.” तुम्ही रागावू नका. वही त्यांच्या समोर ठेवा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजा. ज्यांची वाट पाहत घरातले सगळे संध्याकाळी दाराशी उभे असतात, त्यांच्यासाठी एवढे करायला काय हरकत आहे?

स्वाध्याय

१. झिजलेला टायर उन्हाळ्यात घसरत नाही, पण पावसात का घसरतो?
२. ‘चाकोरी’ म्हणजे काय? तिच्यात पाणी साचल्याने काय होते?
३. १.६ मिलिमीटर ही सुरक्षिततेची हमी का नाही? तुमच्या शब्दांत लिहा.
४. गाडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर असेल, तर पाठातील टायरला दर सेकंदाला किती पाणी दूर करावे लागेल?
५. उपक्रम : घरातील किंवा शेजारच्या एका वाहनाच्या टायरांच्या खाचा मोजा आणि वर्गात तक्ता लावा.