नितळ पाण्यातला नत्र

सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे पाणी नितळ दिसले आणि त्याला दुर्गंध नसला, म्हणजे ते शुद्ध झाले असा सर्वसाधारण समज असतो. परंतु गढूळपणा आणि सेंद्रिय घाण निघून गेल्यानंतरही अशा पाण्यात विरघळलेला नत्र शिल्लक राहू शकतो. घरगुती सांडपाण्याच्या एकूण आकारमानात लघवीचा वाटा जेमतेम एक टक्का असला, तरी सांडपाण्यातील सुमारे ८० टक्के नत्र लघवीतूनच येतो. शेतकरी ज्याच्या गोणी खत म्हणून विकत आणतो तोच युरिया लघवीत असतो आणि गटारातून वाहत असतानाच जीवाणू त्याचे विघटन करतात, त्यामुळे केंद्रात पोचेपर्यंत त्याचा बहुतांशी अमोनिया झालेला असतो. शेतात पिकाला पोसणारा हा नत्र नदीत जलपर्णीला पोसतो, हे पुण्याची मुळा-मुठा किंवा कोल्हापूरची पंचगंगा उन्हाळ्यात पाहिलेल्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. शिवाय अमोनिया माशांना विषारी असतो, आणि नदीतच त्याचे नायट्रेट होऊ लागले, तर त्यासाठी लागणारा ऑक्सिजन नदीच्याच पाण्यातून ओढला जातो.

अमोनियाचे नायट्रेट होणे हे निव्वळ रासायनिक नव्हे, तर सजीवांचे काम आहे, याचा पुरावा सांडपाण्यातूनच मिळाला. फ्रान्समध्ये थेओफील श्लोसिंग आणि आशिल म्युंत्झ यांनी १८७७मध्ये वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी संथपणे झिरपू दिले, तेव्हा सुमारे वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला आणि त्यानंतर नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबले, आणि पुढे थोड्या मातीचे धुवण मिसळल्यावर पुन्हा सुरू झाले. हे जीवाणू वेगळे करून त्यांची ओळख पटवण्याचे श्रेय १८९०च्या सुमारास काम करणाऱ्या सर्गेई विनोग्राड्स्की यांच्याकडे जाते. नत्रीकरण म्हणून ओळखली जाणारी ही क्रिया दोन टप्प्यांची असते: नायट्रोसोमोनाससारखे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरासारखे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात.

त्या वीस दिवसांच्या प्रतीक्षेतच आजच्या प्रकल्पांचीही मुख्य अडचण सामावलेली आहे. सेंद्रिय घाण खाणारे जीवाणू झपाट्याने वाढतात, तर नत्रीकरण करणाऱ्यांची संख्या दुप्पट व्हायला साधारणतः एक दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि म्हणून जीवाणूंचा बनलेला गाळ हवा सोडण्याच्या म्हणजे वायुवीजन टाकीतून फार लवकर काढून टाकला, तर त्यासोबत हे मंद जीवाणूही वाहून जातात. गाळ सरासरी किती दिवस टाकीत राहतो, म्हणजेच गाळाचे वय, याला त्यामुळे महत्त्व येते. एक किलो अमोनिया-नत्राचे नायट्रेट होण्यासाठी सुमारे ४.५७ किलो ऑक्सिजन लागतो, आणि तो पुरवणाऱ्या ब्लोअरचे वीजबिल मोठे असते.

एवढे करूनही नत्र पाण्यातच राहतो. फक्त त्याचे रूप बदलते. त्याला हवेत घालवायचे, तर विनत्रीकरण हवे. अनेक जीवाणू विरघळलेला ऑक्सिजन मिळेनासा झाला, की नायट्रेटमधील ऑक्सिजन श्वसनासाठी वापरतात, आणि मागे उरलेला नत्र वायुरूपाने निघून जातो. भाताच्या तुंबलेल्या खाचरात नेमके हेच घडते आणि खताचा नत्र उडून जातो. शेतातील तो तोटा सांडपाणी केंद्रात मात्र उद्दिष्ट ठरतो. अडचण अशी, की या जीवाणूंना खाद्य म्हणून सेंद्रिय पदार्थ लागतात, आणि वायुवीजन टाकीत नायट्रेट तयार होईपर्यंत ते खाद्य संपून गेलेले असते.

यावरचा उपाय अतिशय देखणा आहे. विनत्रीकरणाची बिनहवेची टाकी शेवटी न ठेवता सर्वांत आधी ठेवायची, तिच्यात खाद्याने भरलेले ताजे सांडपाणी सोडायचे आणि वायुवीजन टाकीतील नायट्रेटयुक्त पाणी पंपाने मागे फिरवून त्यातच मिसळायचे. लुडझॅक आणि एटिंगर यांनी १९६२मध्ये मांडलेल्या मांडणीत दक्षिण आफ्रिकेतील जेम्स बार्नार्ड यांनी १९७०च्या दशकात ही फेरवापसीची सुधारणा केली. येणाऱ्या पाण्याच्या चौपट पाणी परत फिरवले, तर तयार झालेल्या नायट्रेटचा तत्त्वतः पाचवा हिस्साच बाहेर पडतो. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे नत्रीकरणात खर्ची पडलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे ६० टक्के ऑक्सिजन नायट्रेटच्या रूपाने पुन्हा उपयोगी येतो, आणि तेवढी हवा ब्लोअरने कमी द्यावी लागते.

महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशात या हिशोबाला वेगळे वजन आहे. येथे पाणी कोमट असल्याने गाळ पुरेसे दिवस टाकीत राहिला, तर योजना आखलेली नसतानाही नत्रीकरण होते. म्हणजे खर्चाचा अर्धा भाग भरला जातो आणि परतावा देणारा अर्धा भाग मात्र राहून जातो. केंद्र सरकारच्या सांडपाणी मानकांच्या २०१५च्या मसुद्यात एकूण नत्रासाठी लिटरला १० मिलिग्रॅमची मर्यादा प्रस्तावित होती, ती २०१७च्या अंतिम अधिसूचनेत उरली नाही, हे खेदजनक आहे.

विनत्रीकरणाचा राहून गेलेला हा भाग प्रक्रिया केंद्रातील कर्मचाऱ्यांना मोजपात्रात दिसतो. वायुवीजन टाकीतील पाणी एक लिटरच्या पात्रात भरून ठेवले, की अर्ध्या तासात तपकिरी गाळ तळाशी बसतो आणि वर स्वच्छ पाणी राहते. पण ते पात्र आणखी तास-दोन तास तसेच राहू दिले, तर गाळात बारीक बुडबुडे धरतात आणि त्याचे थरच्या थर वर तरंगू लागतात. ते बुडबुडे नत्रवायूचे असतात. गाळ खाली बसवण्याच्या अंतिम टाकीतही हेच घडते, आणि जो नत्र पहिल्या टाकीत निमूटपणे निघून गेला असता, तो येथे गाळ उचलून नदीकडे जाणाऱ्या पाण्यात सोडतो.