पहाटे मासे वर का येतात?

तळ्यातील मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले की ते भुकेले आहेत, असे समजून काही शेतकरी त्यांना कोंडा व पेंड टाकतात. ही समजूत घातक आहे. पाण्यातील प्राणवायू कमी पडल्यामुळे मासे त्या वेळी गुदमरत असतात.

पाण्यातील सूक्ष्म हिरव्या वनस्पती दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करतात. रात्री मात्र त्या स्वतःच तो वापरतात. म्हणून सूर्योदयाच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो. दाट हिरवे पाणी, ढगाळ हवा, अतिरिक्त शेणखत व माशांची दाटी यांमुळे ही उणीव वाढते.

कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी चरतो. एखादा कटला वर दिसल्यास भिण्याचे कारण नाही. परंतु मृगळही वर येऊन हवा गिळू लागल्यास संकट जवळ आले, असे समजावे.

अशा वेळी पुढील उपाय त्वरित योजावेत :

(१) खाद्य व खत बंद ठेवावे. उरलेले खाद्य कुजताना प्राणवायू खर्च होतो.

(२) विहिरीचे पाणी उंचावरून तुषारांसारखे सोडावे, म्हणजे ते हवेतील प्राणवायू घेऊन तळ्यात पडेल.

(३) जादा पाणी नसल्यास तळ्याचेच पाणी पंपाने उचलून पुन्हा तळ्यात फवारावे.

(४) मासे सावरेपर्यंत जाळे ओढू नये.

ग्रामकार्यकर्त्यांनी ढगाळ दिवसांत सूर्योदयापूर्वी तळ्यावर फेरी मारण्याची सवय शेतकरी बंधूंना लावावी. वेळीच ओळखलेले हे लक्षण वर्षाची मासळी वाचविते.