झाड एक, हात अनेक
१ जुलै १९९८ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. असं जिल्हा-तालुका-गाव झाड सामायिक अॅपमध्ये असेल, तर शहादा तालुका हलवताना त्याची गावं हलवावी लागत नाहीत. प्रत्येक नोंद फक्त आपल्या पालकाचा, म्हणजे वरच्या नोंदीचा, क्रमांक बाळगते. शहाद्याचा तेवढा बदलायचा. फिग्मा हे डिझाइन अॅप असंच करतं.

खरी गंमत पुढे! समजा, अशाच अॅपमध्ये जळगावात कुणी 'केळी' फोल्डर 'शेती'त टाकला, त्याच क्षणी धुळ्यात कुणी 'शेती' 'केळी'त. एकेकटे दोन्ही बदल बरोबर. एकत्र आले की चक्र, आणि दोन्ही फोल्डर मुळापासून तुटतात. फिग्माचा सर्व्हर चक्र करणारा बदल नाकारतो. मध्यवर्ती सर्व्हरच नसेल तर संगणकशास्त्रज्ञ मार्टिन क्लेपमन व सहकाऱ्यांची युक्ती: सगळीकडे बदल एकाच क्रमाने लावायचे, उशिरा आलेल्यासाठी मागे जाऊन पुन्हा लावायचे, चक्र करणारा वगळायचा. नेट जाणाऱ्या भागात मला हीच पटते.

अॅप बनवताय? मुलांची यादी पालकात साठवू नका.